हिवाळेरावांची बिनगर्दीची सहल

हिवाळेरावांचं खरं नाव त्यांच्या बायकोला आणि पाणीपट्टीच्या बिलाला ठाऊक होतं. बाकी सगळं गाव त्यांना हिवाळेरावच म्हणायचं, आणि त्यांनाही ते आवडायचं. बसस्टँडसमोरच्या गल्लीत त्यांचं केस कापायचं दुकान होतं. खुर्च्या दोन. त्यातली एक फिरवली की किंचाळायची, म्हणून सगळी गिऱ्हाइकं दुसरीवर. इतर दुकानांत भिंतीवर नटनट्यांचे फोटो असतात. इथे तळी, कडे, बुरूज, धबधबे यांचे फोटो होते, आणि एकाही फोटोत माणूस नव्हता. चुकून कोपऱ्यात कुणाचा कोपर आला असेल तर हिवाळेराव फोटोचा तेवढा भाग कात्रीनं कापून टाकत. कात्री हाताशी असायचीच.

हे वेड धंद्यातून आलं होतं. उन्हाळ्यात मान घामेजली की लोक धावत केस कापायला येतात. त्या दिवसांत त्यांना पाणी प्यायलाही उसंत नसायची, मग फिरायला जाणार कधी? थंडी पडली की मात्र लोक केस वाढवतात आणि वरून टोपी घालतात. "टकलानं माझं जेवढं नुकसान केलं नाही, तेवढं टोपीनं केलं," असं ते म्हणायचे. मग दुकानाचं शटर खाली ओढून ते बायकोला घेऊन निघायचे. जिथे उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते अशा डोंगरावरच्या गावांना ते ऐन थंडीत जायचे. तिथला सीझन संपलेला, आणि यांचाही. दोन रिकामटेकड्यांची गाठ पडावी तसं ते जमून गेलं होतं.

आणि मग पुढचे दहा-अकरा महिने ते या विषयावर सल्ले द्यायचे. गालावर फेस, गळ्याशी वस्तरा, अशा माणसाला सल्ला नको म्हणायची सोय नसते.

"निघायच्या आधी फोन करा," ते सांगत, "पण हॉटेलला नाही. हॉटेलवाला म्हणणार सगळं चालू आहे. त्याच्या शेजारच्या चहावाल्याला करा. तो खरं सांगतो, कारण त्याला आपल्याकडून एका कपापलीकडे काही मिळायचं नसतं. खोलीत गेलात की पिशवी उघडायच्या आधी नळ उघडा. गरम पाणी आलं तरच पिशवी उघडायची. तळ्याकडची खोली घेऊ नका. देखावा खिडकीतून आत येत नाही, वारा येतो. स्वयंपाकघराच्या डोक्यावरची खोली मागा. एक जाड कोट नको, तीन पातळ कपडे घाला. आणि जे काय बघायचं ते ऊन आहे तोवर बघून घ्या. थंडीत डोंगराआड सूर्य असा जातो, जसा वर्गणीच्या वेळी शेजारी."

सल्ला चोख होता. पण एकदा तो पोस्टमास्तरांनी घेतला.

पोस्टमास्तर नुकतेच निवृत्त झाले होते. नोकरीत असताना त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची पाकिटं गावोगावी पाठवली होती, आता स्वतः जाऊन यावं असं त्यांच्या मनानं घेतलं. ते दाढीला आले तेव्हा हिवाळेरावांनी त्यांना सगळं नीट समजावलं. घोळ झाला तो गरम टॉवेलाचा. तो तोंडावर टाकला की मास्तरांचे दोन्ही कान झाकले जायचे, आणि त्या वेळी बोललेला भाग टॉवेलातच राहायचा.

आठवड्याभरानं मास्तर दुकानात आले ते लंगडत. एका पायात बूट, दुसऱ्यात रबरी चप्पल. त्यांनी तो बूट काढला आणि आरशासमोरच्या फळीवर, पावडरच्या डब्याशेजारी ठेवला.

"हा घ्या तुमचा सल्ला!"

"म्हणजे? दुसरा कुठाय?"

"दरीत! तुम्हीच सांगितलंत ना, बूट एक नंबर मोठा घ्या म्हणून? घेतला. कड्यावर उभा राहिलो, पाय जरा पुढे केला, बूट उडाला आणि पाय मागे राहिला."

"अहो मास्तर, बूट मोठा का घ्यायचा? आत दोन-दोन मोजे घालायचे म्हणून!"

"ते कधी सांगितलंत?"

"टॉवेलाच्या वेळी."

दुकानात बाकावर बसलेली मंडळी वर्तमानपत्राआड हसू लागली. मास्तरांना आणखी चेव चढला. जे जे बघायला गेलो ते ते बंद होतं, कुलपं बघून आलो, असं त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. चहावाल्याला फोन करायचा सल्लाही टॉवेलातच गेला होता. पण मास्तर ऐकून घेईनात. "हे सगळं बोलायला ठीक आहे," ते म्हणाले. "मला नेऊन दाखवा. एक दिवस जरी सुखाचा गेला तर मी भर चौकात तुमची माफी मागेन."

हिवाळेरावांच्या हातात त्या वेळी वस्तरा होता. त्यांनी तो मिटला आणि म्हणाले, "चला. परवाच निघू."

घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांची बायको स्वेटरची बाही उसवत होती. ती एका दातांच्या डॉक्टरांकडे फोन घ्यायच्या कामावर होती. दिवसभर कळवळणाऱ्या माणसांना "आजची वेळ नाही, उद्याची आहे" असं थंडपणे सांगून सांगून तिचा स्वभाव अगदी शांत झाला होता. ती म्हणाली, "चला की. पण आईचं काय?"

आई म्हणजे हिवाळेरावांच्या सासूबाई. मोठ्या इस्पितळात मेट्रन म्हणून जन्म काढलेल्या. त्यांचा आवाज ऐकून पूर्वी पेशंट उठून चालू लागत, असं म्हणतात. गुडघे कुरकुरत होते, पण घरी एकटं राहायला त्या तयार नव्हत्या.

"जावईबापू, मी येणार," त्या म्हणाल्या. "फक्त बसायला जागा लागते मला. एवढ्या रिकाम्या गावात एक खुर्ची मिळेलच ना?"

अशी चौघांची वरात बसनं निघाली आणि दुपार व्हायच्या आत तळ्याकाठच्या त्या गावी पोचली. गाव अगदी फोटोतल्यासारखं होतं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुकानांना ताडपत्र्या बांधलेल्या. हिवाळेरावांची छाती फुगली. मास्तरांनी नाक ओढलं.

हॉटेलचा मालक दारातच उभा होता. डोक्यावर कानझाकण्यांची टोपी, अंगावर घोंगडी. कित्येक दिवसांत त्यानं गिऱ्हाइकाचं तोंड पाहिलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणीच यायचं राहिलं होतं. "अख्खं हॉटेल तुमचंच समजा!" तो ओरडून म्हणाला. टोपीमुळे स्वतःचा आवाज त्याला कमी ऐकू यायचा, म्हणून तो सगळंच ओरडून बोलायचा.

हिवाळेरावांनी ऐटीत स्वयंपाकघरावरची खोली मागितली. मिळाली. आत गेले तर दात वाजायला लागले. भिंतीला हात लावला तर बर्फाची लादी. नळ उघडला. नळानं एक उसासा टाकला आणि गप्प झाला.

"अहो," बायकोनं खाली डोकावून मालकाला विचारलं, "स्वयंपाकघर चालू आहे ना?"

"छे हो! थंडीत कोण येतंय! मी माझ्याच खोलीत शेगडीवर शिजवतो!"

मास्तर नुसते खोकले. पण तो खोकला असा होता की शब्द परवडले असते. शेवटी बायकोनंच तोड काढली. सगळ्यांनी मालकाच्या खोलीच्या डोक्यावरची खोली घ्यायची. ती मात्र खरोखर उबदार निघाली, आणि तिथला नळही गरम होता. "तत्त्व बरोबर होतं," हिवाळेराव पिशवी उघडत म्हणाले. "फक्त स्वयंपाकघर खोली बदलून राहत होतं."

ऊन होतं तोवर ते बाहेर पडले. रोपवे वंगण घालायला बंद होता. पाळणे तारेवर जागच्या जागी डुलत होते. "सीझनमध्ये असा थांबलेला पाळणा बघायला मिळतो का?" हिवाळेराव म्हणाले. तळ्यावर होड्या काठाला उलट्या करून ठेवल्या होत्या. "होडीचं पोट कधी पाहिलंय, मास्तर?" कड्यावर धुकं होतं. कडा आहे हे पाटीवरून कळत होतं. हिवाळेरावांनी पाटीच मोठ्यानं वाचून दाखवली. मास्तरांनी हळूच एक पाऊल मागे घेतलं आणि पायांतल्या नव्या बुटांकडे प्रेमानं पाहिलं.

"मला बसायचंय," सासूबाई म्हणाल्या.

उघडं असलेलं एकच ठिकाण होतं. कुठल्याशा छोट्या राजाचा तळ्याकाठचा जुना बंगला, आता त्याचं संग्रहालय केलेलं. तिकिटाच्या खिडकीत निळी टोपी घातलेला एक माणूस होता. तिकिटं दिल्यावर त्यानं खिडकी लावली, निळी टोपी काढून खाकी घातली आणि दारात येऊन तीच तिकिटं फाडली. मग खाकी टोपी खुंटीला अडकवून लाल घातली, घसा साफ केला आणि म्हणाला, "नमस्कार! मी आपला मार्गदर्शक."

"दोघे रजेवर आहेत का?" मास्तरांनी विचारलं.

"कोण दोघे?" तो गंभीरपणे म्हणाला.

या माणसाला ऐकणारं कुणी भेटून बरेच दिवस झाले असावेत. त्यानं काही म्हणजे काही सोडलं नाही. राजाच्या छत्रीची मूठ दाखवली, राजाची दात कोरायची चांदीची काडी दाखवली, राजाच्या घोड्याची भरजरी झूल दाखवली, आणि झूल दाखवताना घोड्याचा स्वभावही सांगितला. हिवाळेरावांना स्वर्ग हाती आल्यासारखं झालं होतं. सीझनमध्ये इथे मेंढरांसारखं हाकलत नेतात, आणि आज घोड्याचा स्वभाव ऐकायला मिळतोय! त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर चक्क प्रश्न विचारत होते.

सगळ्यात शेवटी दरबाराचं दालन. तिथे दोन सिंहासनं होती. एकावर मेणाचा राजा बसला होता. दुसरं रिकामं होतं, आणि त्यावर पाटी होती: 'राणीसाहेब दुरुस्तीला गेल्या आहेत.' त्यांची शाल आणि मुकुट तेवढे मागे राहिले होते.

"समोरच्या खोलीत भांडी आहेत," लाल टोपीवाला म्हणाला, आणि पुढे गेला. सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, दोरी उचलली आणि राणीच्या सिंहासनावर बसून घेतलं.

"आई! अहो, उठा!" हिवाळेराव म्हणाले.

"भांडी बघायला मी घरून निघाले नव्हते. गुडघा थांबला की उठते."

त्यांना उठवण्यात बराच वेळ गेला. तिकडे लाल टोपीवाल्यानं रिकाम्या खोलीत भांड्यांचं सगळं भाषण म्हणून टाकलं, मागे वळून पाहिलं, आणि मंडळी मागच्या दारानं गेली असावीत असं समजला. ऊन डोंगराआड चाललं होतं. त्यानं खाकी टोपी घातली, बाहेरच्या सगळ्या दारांना कुलपं लावली, ती टोपी काढून घरची माकडटोपी घातली आणि निघून गेला.

कुलूप लागल्याचा आवाज चौघांनीही ऐकला. तो आवाज काही वेगळाच असतो.

हिवाळेराव धावत दारापाशी गेले, दार ठोठावलं, हाका मारल्या. मास्तरांनी खिडकीच्या गजांना तोंड लावून बोंब ठोकली. तळं शांत. रस्ता शांत. उलट्या होड्या शांत. दोघांनी मिळून घसा बसेपर्यंत आरडाओरडा केला, पण ऐकायला माणूस नको का? बिनगर्दीच्या जागेचा हा एक दोष हिवाळेरावांच्या आजवर ध्यानात आला नव्हता.

"तिकिटावर नंबर आहे," बायको म्हणाली. 'अडचण आल्यास फोन करावा.' तिनं फोन लावला.

"वाजतोय!" हिवाळेराव आनंदानं ओरडले. "ऐकू येतंय! वाजतोय!"

"हो," ती म्हणाली. "इथेच वाजतोय. तिकिटाच्या खिडकीत."

मग हॉटेलमालकाला लावला. तोही नुसता वाजत राहिला. कानझाकण्यांच्या आत फोन पोचण्याची आशाच नव्हती.

दगडी बंगला भराभर गार पडू लागला. सासूबाईंनी राणीची शाल ओढून घेतली. मग मुकुटही डोक्यावर चढवला.

"आई, मुकुट कशाला?" बायकोनं विचारलं.

"कानाला वारा लागतोय."

हिवाळेरावांनी मखमली पडदा उतरवून अंगाभोवती गुंडाळला. मास्तर मात्र ठाम राहिले. "सरकारी मालाला मी हात लावणार नाही. जन्मभर लावला नाही." पुढे त्यांचे दात इतके कडकडू लागले की सासूबाईंनी मेट्रनच्या आवाजात हुकूम सोडला, "पोस्टमास्तर, झूल घ्या!" आणि मास्तरांनी मुकाट्यानं घोड्याची झूल पांघरली. तिला घुंगरं होती. मास्तर थरथरले की ती छुमछुम वाजायची.

बायको एकटी आपल्याच कपड्यांत होती. तिनं घरूनच तीन पातळ कपडे एकावर एक घातले होते. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. हिवाळेरावही पडद्यासकट तिच्याजवळ गेले. त्यांना फार वाईट वाटत होतं. मास्तरांपुढे फजिती झाली याचं नव्हे. या बाईला आपण दरवर्षी कुडकुडायला नेतो आणि ती एका शब्दानं काही म्हणत नाही, हे त्यांना पहिल्यांदाच उमगलं होतं.

"तू कंटाळलीस का गं या सगळ्याला?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "उलट आज बरं वाटतंय. इतक्या वर्षांत तळं बघताना तुम्ही पहिल्यांदाच गप्प आहात."

तळ्यावर शेवटचं ऊन पसरलं होतं. ते दोघंही बघत राहिले. मागे मधूनच छुमछुम ऐकू येत होतं.

मग पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी पावलं वाजली. एक नवं लग्न झालेलं जोडपं फिरत फिरत तिकडे आलं होतं. दार बंद बघून त्यांनी काचेला नाक लावलं आणि आत पाहिलं. उजेड अंधुक. सिंहासनावर राजा, शेजारी मुकुट घातलेली राणी, बाजूला झूल पांघरलेलं काहीतरी. सासूबाईंचा नेमका त्याच वेळी डोळा लागत होता.

"अय्या, किती हुबेहूब केलंय!" मुलगी म्हणाली.

"राजा जमलाय," मुलगा म्हणाला. "राणी फसलीय. नाक बघ ना, केवढं! आणि चेहऱ्यावर इतका राग कुणी दाखवतं का? कुणी बनवली असेल गं ही?"

राणीनं डोळे उघडले.

"माझ्या आईनं!"

त्या दोघांची जी भंबेरी उडाली ती विचारू नका. मुलीची किंकाळी तळ्यावरून फिरून परत आली. मुलगा तिच्याही पुढे पळत होता. मास्तर "थांबा, थांबा!" करत झूल सावरत खिडकीकडे धावले. छुमछुम ऐकून ती दोघं आणखी जोरात पळाली.

पण त्या पळण्याचा उपयोग झाला. बाजारात बातमी पोचली की बंगल्यातली राणी बोलायला लागली आणि राजाचा घोडा दोन पायांवर चालतोय. थोड्याच वेळात कंदील, बॅटऱ्या आणि काठ्या घेऊन माणसं जमली. सकाळपासून गावात दिसली नव्हती ती ही सगळी माणसं कुठे होती देव जाणे. सगळ्यांच्या पुढे माकडटोपीवाला. तो गरम पाण्यात पाय बुडवून बसला होता, तसाच उठून आला होता. विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली. त्यानं कुलूप काढलं.

"ही काय पद्धत झाली?" सिंहासनावरून आवाज आला. "माणसं न मोजता दार लावता? आमच्या वॉर्डात असं केलं असतंत तर?"

जमावातल्या तिघाचौघांनी हात जोडले. माकडटोपीवाल्यानं टोपी काढली. दुसरी कुठली घालायची हे त्याला सुचत नव्हतं.

मग जो हशा पिकला तो हॉटेलच्या दारापर्यंत चालला. मालक शेगडीवर सूप ढवळत होता. एवढी माणसं बघून त्याला वाटलं सीझन सुरू झाला. त्यानं पातेल्यात आणखी पाणी ओतलं. सगळे शेगडीभोवती दाटीवाटीनं बसले. ते नवं जोडपंही होतं. मुलगा सासूबाईंच्या नाकाकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होता. मास्तरांनी घोड्याचा स्वभाव सगळ्यांना समजावून सांगितला. दोन वाट्या सूप झाल्यावर ते म्हणाले, "हिवाळेराव, एक मोजा द्या. जास्तीचा असेल तर दोन द्या." परतल्यावर भर चौकात त्यांनी माफीही मागितली. पण ती इतकी लांबली, आणि तिच्यात राणीची गोष्ट इतकी रंगवून आली, की ऐकणाऱ्या सगळ्यांनी त्याच गावी जायचं ठरवलं.

आणि इथेच हिवाळेरावांचं नशीब फिरलं. बोलणाऱ्या राणीची बातमी पसरत गेली. राणीसाहेबांचा पुतळा काही दुरुस्त होऊन आला नाही. माकडटोपीवाला एक दिवस हातात नारिंगी रंगाची नवी टोपी घेऊन थेट यांच्या घरी आला आणि त्यानं सासूबाईंना विचारलं, थंडीपुरत्या येऊन बसाल का? सिंहासनाखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवू. राहायची सोय हॉटेलमालकाच्या डोक्यावरच्या खोलीत.

"बोलायचं की नाही बोलायचं?" सासूबाईंनी विचारलं.

"कुणी वस्तूंना हात लावला तर बोलायचं."

"मग येते."

पुढच्या थंडीत हिवाळेराव बायकोबरोबर सासूबाईंना भेटायला गेले. रस्त्यावर मुंग्यांसारखी माणसं. होड्या सुलट्या होऊन पाण्यात. रोपवेला रांग, चहाला रांग, कड्यावर धुक्यातसुद्धा रांग. हॉटेलमालकानं टोपी काढून ठेवली होती आणि तो हळू आवाजात सगळ्यांना सांगत होता की खोली शिल्लक नाही. मास्तर एका टोळक्याला मोज्यांविषयी समजावताना दिसले. हिवाळेरावांचा चेहरा पडला. इतका रमणीय ओसाडपणा त्यांनी स्वतःच्या हातांनी घालवला होता.

बंगल्यासमोरच्या रांगेत ते बराच वेळ उभे राहिले. आत गेले तेव्हा सासूबाई शाल-मुकुटात निश्चल बसल्या होत्या. पापणी हलत नव्हती. लोक श्वास रोखून बघत होते. हिवाळेरावांना भडभडून आलं. घरचं माणूस इतक्या दिवसांनी दिसत होतं. त्यांनी न राहवून दोरीवरून वाकून शालीची दुमडलेली कड नीट केली.

"हात लावू नका!" राणी कडाडली. अख्खं दालन किंचाळलं आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या गोंगाटात ओठ न हलवता त्या पुटपुटल्या, "जावईबापू, तीन वाजता सुटते मी. मागच्या दारानं या. चहा पिऊ."